टन नंतर बघा, आधी लाकूड बघा: घरच्या जळणासाठी बेताच्या खर्चातला लॉग स्प्लिटर

वर्षाला दोन-तीन कॉर्ड (इथलं जळणाचं माप, पुढे सांगते) लाकूड जाळणाऱ्या घराला विजेवर चालणारा पाच ते सात टन जोराचा छोटा लॉग स्प्लिटर, म्हणजे ओंडके फोडायचं यंत्र, आणि जोडीला एक चांगली कुऱ्हाड पुरते. त्यासाठी बाराशे-पंधराशे डॉलर घालून पेट्रोलचं मोठं यंत्र घ्यायची गरज नाही. मात्र दोन गोष्टी आधी ठाऊक हव्यात: आपल्या अंगणात येणारं लाकूड कुठल्या झाडाचं असतं, आणि यंत्रावर छापलेल्या टनांचा खरा अर्थ काय.

आम्ही अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरच्या दक्षिण भागात राहतो. ओळखीतली बरीच मराठी कुटुंबं गेल्या काही वर्षांत इकडे घर घेऊन आली. घराबरोबर दिवाणखान्यात एक ओतीव लोखंडाचा स्टोव्ह मिळतो, घर तापवायच्या तेलाचं पहिलं थंडीतलं बिल येईपर्यंत त्यावर कुंड्या ठेवलेल्या असतात, आणि मग जानेवारीत फोन येतो: "ताई, तुम्ही स्प्लिटर कुठला घेतलात?" प्रत्येकाला तेच परत सांगण्यापेक्षा सगळं एकदा लिहून काढावं म्हटलं.

आधी पैशांचं बोलू. एक कॉर्ड म्हणजे चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब अशी नीट रचलेली रास, म्हणजे १२८ घनफूट. काही विक्रेते ‘फेस कॉर्ड’ म्हणतात ती सोळा इंची लाकडांची एकच ओळ असते, खऱ्या कॉर्डचा तिसरा हिस्सा. भाव विचारताना हे आधी स्पष्ट करून घ्या. वाळलेल्या रेड ओकच्या एका कॉर्डमध्ये साधारण २ कोटी ४० लाख बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं एकक) उष्णता असते; हीटिंग ऑइलच्या एका गॅलनमध्ये १,३८,५०० च्या आसपास. स्टोव्हच्या धुराड्यातून जाणारी आणि तेलाच्या भट्टीतून जाणारी, दोन्हीकडची वाया जाणारी उष्णता वजा केली, तर एक कॉर्ड ओक अंदाजे १५० गॅलन तेलाचं काम करतो. व्हाइट पाइनचा कॉर्ड ९० च्या आसपास थांबतो.

फोडून घरपोच मिळणारं ओलं लाकूड आमच्याकडे कॉर्डला साडेतीनशे-चारशे डॉलरला पडतं. लांब ओंडक्यांचा ट्रक मागवला तर बरंच स्वस्त. आणि झाडं तोडणाऱ्यांना सांगून ठेवलं असेल, तर ते रस्त्यालगतच्या अंगणात ओंडके फुकटही टाकून जातात, कारण ते दुसरीकडे नेऊन टाकायला त्यांना पैसे पडतात. स्प्लिटरचा हिशेब या फुकटच्या किंवा स्वस्तातल्या लाकडामुळेच जमतो. तुम्ही दर वर्षी फोडलेलंच विकत घेणार असाल, तर स्प्लिटर घेऊ नका. ते पैसे वाळलेल्या लाकडावर आणि धुराडं साफ करून घेण्यावर घाला.

आता लाकूड. इथं मी जरा थांबणार आहे, कारण सगळी निवड यावर ठरते आणि दुकानात याबद्दल कुणी विचारतही नाही.

लाकडाचा कडकपणा वेगळा आणि त्याचं फुटणं वेगळं. लाकडाचा कडकपणा मोजायची जंका नावाची पट्टी आहे. त्यात शुगर मेपल १,४५० वर, रेड ओक १,२९० वर आणि अमेरिकन एल्म अवघा ८३० वर. आकडे बघून वाटेल की एल्म सहज फुटेल. प्रत्यक्षात सरळ वाढलेला रेड ओक कुऱ्हाडीच्या एका घावात दोन होतो, आणि एल्म मोठ्या यंत्रालाही दाद देत नाही. त्याच्या रेषा एकमेकींत गुंतत वाढलेल्या असतात. एल्म फुटत नाही, सोलला जातो. नारळाच्या सोडणासारखे त्याचे तंतू शेवटपर्यंत एकमेकांना धरून असतात.

ॲश हे लाकूड जाळणाऱ्यांचं आवडतं झाड. ओल कमी, रेषा सरळ, फुटायला हलकं. आणि आमच्या भागात ते सध्या भरपूर येतं, यामागे एक दुःखाची गोष्ट आहे. एमराल्ड ॲश बोरर हा आशियातून आलेला हिरवा किडा २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ पहिल्यांदा सापडला, आणि २०१३ मध्ये न्यू हॅम्पशरमध्ये, काँकॉर्डला. त्याच्या अळ्या सालीखालचा थर पोखरतात आणि काही वर्षांत झाड उभ्या उभ्या मरतं. आमच्या रस्त्यावरचे सगळे मोठे ॲश असेच गेले. म्हणून एक विनंती: जळणाचं लाकूड लांबच्या गावाहून आणू नका, लांब नेऊ नका, कॅम्पिंगला तर अजिबात नको. किडा स्वतः फार दूर उडत नाही, त्याला गाडीतून आपण नेतो.

मेपल आणि पिवळा बर्च मधले. फांद्या जिथून फुटल्या तिथं गाठी असतात, बाकी ठीक. पाइन मऊ, पण गाठाळ पाइन चिवट असतो.

तर तुमच्याकडे वर्षभरात काय येतं ते एकदा नीट बघा. ओक-ॲश-मेपल, बारा इंचांच्या आतले, सरळ ओंडके असतील तर पाच-सात टनांचं यंत्र आरामात पुरतं. दोन-अडीच फूट व्यासाचे जुन्या झाडांचे बुंधे, दुबेळकी जागा आणि एल्म हेच येत असेल, तर छोटं यंत्र तुमचा जीव काढेल.

गुहागरकडच्या आमच्या घरी न्हाणीत तांब्याचा बंब होता. बाबा पावसाळ्याआधी लाकडं फोडून पडवीत भिंतीला लावून रचायचे. आंब्याचा गाठाळ बुंधा, काजूचं वाकडंतिकडं खोड, मधूनच सरळसोट ऐन. कुऱ्हाड उचलण्याआधी ते ओंडका उभा करून चारी बाजूंनी फिरवून बघायचे. वाळताना त्याच्या तोंडावर मधूनच बाहेर निघालेल्या चिरा असतात. "चीर कुठं गेलीये बघ. तिच्याच रेषेत घाल. गाठ असेल ती बाजू खाली ठेव." हे त्यांचं वाक्य मी इथं यंत्रावर ओंडका ठेवताना रोज वापरते. यंत्रालाही चीर सापडलेली आवडते: पातं चिरेच्या रेषेत आलं तर ज्या ओंडक्यावर मोटर अडते तोच ओंडका गुपचूप उघडतो.

आता टनांचं. इथं माझा सगळ्यात जास्त आग्रह आहे, कारण गिऱ्हाईक इथंच फसतं.

हायड्रॉलिक यंत्राचा जोर म्हणजे तेलाचा दाब गुणिले सिलिंडरच्या तोंडाचं क्षेत्रफळ. यात दुसरं काही नाही, शाळेतलं गणित आहे. ४ इंच व्यासाच्या सिलिंडरचं क्षेत्रफळ सुमारे १२.५७ चौरस इंच. दाब चौरस इंचाला ३,००० पौंड धरा. गुणाकार येतो साधारण ३७,७०० पौंड. अमेरिकन टन २,००० पौंडांचा, म्हणजे १९ टनांहूनही जरा कमीच. त्याच दाबाला साडेचार इंची सिलिंडर सुमारे २४ टन देतो आणि पाच इंची साडेएकोणतीस. आता दुकानात एखाद्या यंत्रावर ‘२५ टन’ लिहिलंय आणि माहितीपत्रकात सिलिंडर ४ इंची आहे असं दिसलं, तर तो आकडा खरा व्हायला जवळजवळ ४,००० पौंडांचा दाब लागेल. तेवढा दाब त्या पंपाला झेपतो का, हे त्याच माहितीपत्रकात शोधा. बहुतेक वेळा उत्तर तिथंच असतं. सिलिंडरचा व्यास आणि कमाल दाब, हे दोन आकडे जो विक्रेता देत नाही त्याच्याकडून पेट्रोलचं यंत्र घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

शिवाय टन म्हणजे वेग नव्हे. वेग ठरतो पंप मिनिटाला किती गॅलन तेल ढकलतो त्यावर. चांगल्या यंत्रात दोन टप्प्यांचा पंप असतो: पातं लाकडाला लागेपर्यंत भरपूर तेल आणि कमी दाब, लाकूड अडलं की कमी तेल आणि पूर्ण दाब. त्यामुळे रिकामी धाव लवकर संपते.

पर्याय काय काय आहेत ते झटकन सांगते. कुऱ्हाड, पन्नास ते सत्तर डॉलर. हाताने पंप मारायचा दहा टनांचा हायड्रॉलिक स्प्लिटर, दीडशे-दोनशेच्या आसपास. जोर चांगला, पण प्रत्येक ओंडक्याला दांडा इतका हलवावा लागतो की वर्षाला अर्ध्या कॉर्डपेक्षा जास्त लाकूड असेल तर घेऊ नका. विजेचा छोटा हायड्रॉलिक, तीनशे ते चारशे. फिरत्या जड चाकाच्या धक्क्याने फोडणारे ‘कायनेटिक’ स्प्लिटर तीन सेकंदांत एक फेरी पुरी करतात, पण किंमत हजाराच्या आसपास किंवा वर. पेट्रोलचे वीस-पंचवीस टनी, हजार ते पंधराशे. शेवटचं यंत्र आमच्या गावात दिवसाच्या भाड्याने शंभर डॉलरच्या आसपास मिळतं, हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आम्ही घेतला तो विजेचा, साडेसहा टनांचा, स्टँडसकट. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या वर्गातली यंत्रं वेगवेगळ्या रंगांत आणि नावांत विकली जात असली तरी थोड्याफार फरकाने एकाच धाटणीची असतात, आणि पुढचं सगळं त्यांतल्या बहुतेकांना लागू पडेल.

यंत्राचं वजन सुमारे १०० पौंड. एका टोकाला पक्कं बसवलेलं पातं, दुसऱ्या टोकाकडून येणारा लोखंडी ठोकळा, मध्ये ओंडका. ओंडका जास्तीत जास्त वीस इंच लांब आणि दहा इंच जाड, असं कंपन्या लिहितात. सरळ रेषेच्या ॲशमध्ये आम्ही चौदा इंचांपर्यंत जातो, पण मधोमध घालत नाही: आधी कडेकडेचे ढलपे काढायचे आणि मग मधला गाभा. एक हात मोटरच्या बटणावर, दुसरा दांड्यावर. दोन्ही दाबल्याशिवाय ठोकळा हलत नाही. एक हात सोडला की थांबतो. पहिल्या दिवशी याचा कंटाळा येतो, पण दोन्ही हात बटणांवर असतील तर ते पात्यापाशी जाऊच शकत नाहीत, म्हणून ही योजना. ती दोरी बांधून किंवा क्लॅम्प लावून निकामी करणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून करू नका.

पुढे-मागे मिळून एका फेरीला पंधरा ते वीस सेकंद लागतात. मोठ्या यंत्राच्या मानाने हळू आहे. पण दोघांचं घर असेल, एकाने फोडायचं आणि दुसऱ्याने रचायचं, तर हा वेग रचणाऱ्याच्या पाठीला सोसणारा असतो. शनिवार-रविवार सकाळी काम केलं तर घाई न करता एक कॉर्ड उरकतो.

मला हे यंत्र आवडण्याचं खरं कारण त्याचा आवाज. मोटर घुमते, पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलता येतं. रविवारी सकाळी सात वाजता सुरू केलं तरी शेजारच्या आजोबांची झोप मोडत नाही. धूर नाही, त्यामुळे बाहेर बर्फ पडत असताना गॅरेजमध्ये दार लावून काम करता येतं. पेट्रोलचं यंत्र गॅरेजमध्ये, दार उघडं ठेवूनही, कधी चालवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि पेट्रोल शिळं होऊन कार्ब्युरेटर तुंबणं, ऑइल बदलणं, वसंतात दोरी ओढून ओढून खांदा दुखवणं, यांतलं काही नाही. माझ्या नवऱ्याचा उजवा खांदा आखडल्यापासून त्याला कुऱ्हाड डोक्यावर नेता येत नाही. या यंत्रामुळे तो पुन्हा जळणाच्या कामात आहे, आणि घरात ही गोष्ट पैशांपेक्षा मोठी ठरली.

स्टँडचे वेगळे पैसे पडत असतील तरी ते द्या. जमिनीवर ठेवलेल्या यंत्रावर काम करायचं तर तासभर वाकून किंवा गुडघ्यावर बसून राहावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी माणूस उठत नाही.

आता उणिवा. पहिली म्हणजे ठोकळा पात्याला टेकत नाही, इंच-दीड इंच आधी थांबतो. ओक असेल तर तोवर लाकूड आपोआप दोन होतं. पिवळा बर्च आणि एल्म मात्र शेवटच्या तंतूंवर लोंबकळत राहतात, ते हाताने किंवा छोट्या कोयत्याने सोडवावे लागतात. दुसरी, बारा इंचांपेक्षा आखूड तुकड्यांसाठी ठोकळ्याला बरीच रिकामी धाव घ्यावी लागते. मागे किती जायचं ते ठरवणारी अडकण असलेलं मॉडेल मिळालं तर तेच घ्या. तिसरी, चाकं लहान. गवतावरून ओढायला त्रास होतो आणि बर्फात शक्यच नाही. यंत्राची जागा एकदा ठरवून लाकूड तिथं आणावं. चौथी उणीव यंत्राची नाही, पोचवण्याची. आमचं खोकं आलं तेव्हा चाकाचा आस वाकलेला होता आणि तो सुटा भाग मिळायला महिना गेला. खोकं उघडताना फोटो काढून ठेवा, आणि सुटे भाग अमेरिकेतूनच पाठवणारी कंपनी आहे ना हे विकत घेण्याआधी फोन करून विचारा. फोन उचलला जातो की नाही, यावरूनही बरंच कळतं.

वापरताना चार गोष्टी सांभाळा, त्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत असतात. यंत्रावर हवा सोडायचा एक छोटा स्क्रू असतो. काम सुरू करण्याआधी तो दोन-तीन फेरे सैल करायचा, म्हणजे तेलाच्या टाकीत हवा आत-बाहेर होते. काम संपल्यावर, यंत्र हलवण्याआधी घट्ट करायचा, नाहीतर तेल सांडतं. तो बंद ठेवून यंत्र चालवलं तर आत अडकलेली हवा दाबली जाऊन सील फाटतात. छोटी विजेची यंत्रं लवकर मरतात त्यामागे हे एक मोठं कारण असतं.

वायरचं तसंच. इथल्या घरातल्या १५ अँपिअर, १२० व्होल्टच्या प्लगमधून जास्तीत जास्त १,८०० वॅट मिळतात. म्हणजे मोटर फार तर दोन अश्वशक्तीच्या आसपासची. त्याहून बरंच जास्त छापलेलं असेल तर विश्वास ठेवू नका. त्यात बारीक एक्स्टेंशन वायर लावली की व्होल्टेज पडतं आणि अडलेल्या ओंडक्यावर मोटर जळते. पन्नास फुटांपर्यंत १२ नंबरची वायर घ्या. इथं नंबर जितका लहान तितकी वायर जाड असते. दिवाळीच्या माळांसाठी आणलेली १६ नंबरची वायर या कामाला नको.

कडक थंडीत तेल घट्ट होतं. दोन मिनिटं लाकूड न घालता ठोकळा पुढे-मागे करा, मग काम सुरू करा. थंडीचा एक फायदाही आहे: ओलं लाकूड गोठलं की ठिसूळ होतं आणि झटकन फुटतं. गाठाळ मेपल आम्ही मुद्दाम जानेवारीसाठी राखून ठेवतो.

ओंडका पात्यात रुतून बसला तर घण मारून सोडवायला जाऊ नका, आणि मोटर पाच सेकंदांच्या वर अडवून धरू नका. ठोकळा मागे घ्या, ओंडक्याखाली लाकडाची तिरपी पाचर सरकवा आणि ठोकळ्याने ती पाचर हळूच पुढे ढकला. ओंडका वर उचलला जाऊन सुटतो. हे मी बाबांना व्हिडिओवर दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे पाचर लागतेच तर!" आणि पुढचा अर्धा तास मला कुठल्या लाकडाची पाचर टिकते ते सांगत होते.

आता जे या यंत्राने होत नाही ते. दोन फुटी बुंधे, दुबेळक्या, एल्म. हे सगळं आम्ही वर्षभर अंगणाच्या एका कोपऱ्यात टाकत जातो. वसंतात शेजारचे आजोबा आणि आम्ही मिळून एक दिवस पेट्रोलचा मोठा स्प्लिटर भाड्याने आणतो. तो उभा करता येतो, त्यामुळे जड बुंधा उचलावा लागत नाही, लोळवत पात्याखाली आणला की झालं. भाडं दोन घरांत वाटलं जातं. वर्षाकाठी एका दिवसाच्या या कामासाठी स्वतःचं यंत्र विकत घेऊन ते उरलेलं वर्ष ताडपत्रीखाली ठेवणं मला पटत नाही. भाड्याचं यंत्र मात्र सकाळी लवकर ताब्यात घ्या आणि ते ओढून न्यायला गाडीला मागे आकडा (हिच) लागतो का हे आदल्या दिवशीच विचारा.

कुऱ्हाड सोडू नका. आमच्याकडे फिस्कार्स एक्स-२७ आहे: छत्तीस इंची दांडा, आणि लोखंडी डोकं दांड्यातच ओतून बसवलेलं, त्यामुळे ते सैल होऊन निसटायची भीती नाही. ही फिनलंडमधली, १६४९ साली सुरू झालेली कंपनी. दांडा लांब असल्यामुळे घाव चुकला तरी पातं पायाकडे येण्याऐवजी जमिनीत जातं, आणि म्हणून उंचीने कमी असणाऱ्यांनीही आखूड दांड्याच्या मोहात पडू नये. सरळ ॲश आणि ओक मी अजून कुऱ्हाडीनेच फोडते, यंत्र काढण्याआधी ढीग अर्धा झालेला असतो. लाकूड फोडायच्या बुंध्यावर जुना टायर ठेवून ओंडका त्यात उभा केला की फुटलेले तुकडे उडत नाहीत, तिथंच उभे राहतात, प्रत्येक घावानंतर वाकून उचलावं लागत नाही. टायरच्या दुकानात असा टायर मागितला की फुकट देतात.

स्टोव्ह पेटवायला बारीक काटक्या लागतात. त्यासाठी किंडलिंग क्रॅकर नावाची एक ओतीव लोखंडाची चौकट मिळते. कडं वर, मधोमध पातं वरच्या बाजूला धार करून बसवलेलं. लाकूड कड्यातून पात्यावर उभं करायचं आणि वरून हातोडी मारायची. धार हलत नाही, बोट धारेपाशी जात नाही. न्यूझीलंडच्या आयला हचिन्सन या शाळकरी मुलीने आईचं बोट कुऱ्हाडीने कापलेलं पाहिलं आणि शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी ही वस्तू बनवली. माझ्या मुलीला मी हीच वापरू देते. आईच्या काळजीतून निघालेली ही वस्तू माझी मुलगी वापरते, याचं मला फार बरं वाटतं.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, पण हे वगळू नका. डोळ्यांवर गॉगल, पायांत पुढे लोखंड असलेले बूट, केस बांधलेले. मफलर आणि ओढणी घरात. आणि सगळ्यात महत्त्वाचं: यंत्र एका वेळी एकाच माणसाने चालवायचं. ओंडका ठेवणारा आणि दांडा दाबणारा ही दोन वेगळी माणसं झाली की बोटं जातात. मदत करायची असेल तर दुसऱ्याने फोडलेलं लाकूड उचलावं, तेही ठोकळा मागे जाऊन थांबल्यावर. मुलं दहा फुटांच्या आत नकोत.

फोडून झालं म्हणजे जळण तयार झालं असं नाही. ओलं लाकूड जाळलं तर उष्णता पाणी उडवण्यात जाते आणि धुराड्यात क्रिओसोट, म्हणजे धुराचा डांबरासारखा थर, साचतो, त्यानेच धुराड्याला आग लागते. ओल २० टक्क्यांच्या खाली हवी. वीस-तीस डॉलरचा मीटर घ्या, आणि लाकूड पुन्हा एकदा फोडून आतल्या ताज्या बाजूला लावा. बाहेरून मोजलेला आकडा खोटा असतो. ॲशला एक उन्हाळा पुरतो, ओकला दोन द्यावे. म्हणून स्प्लिटर ऑक्टोबरात घेऊन त्याच थंडीत ओक जाळायचं स्वप्न बघू नका.

एक प्रश्न वारंवार येतो म्हणून: हे यंत्र गावी नेता येईल का? नाही. इथली मोटर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची आहे, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावूनही मोटर नीट चालणार नाही, आणि १०० पौंडांचं भाडं वेगळंच.

घेण्याची वेळ म्हणाल तर एप्रिल-मे. थंडी संपलेली असते, लोक घरं बदलतात आणि जुने स्प्लिटर विकायला निघतात. निम्म्या किमतीत चांगलं यंत्र मिळू शकतं. बघायला गेलात की ठोकळ्याचा दांडा पूर्ण बाहेर काढायला सांगा आणि त्यावर बोट फिरवा: तो गुळगुळीत, चकचकीत हवा. गंजाचे खड्डे असतील तर ते प्रत्येक फेरीला सील कापत राहतात. खाली जमिनीवर तेलाचा डाग आहे का बघा, तेल दुधाळ दिसतंय का बघा. दुधाळ असेल तर त्यात पाणी गेलंय. मोटर सुरू करताना पिवळा दिवा मंदावतो तसा आवाज खाली बसत असेल तर आधी त्यांची वायर बदलून पाहा. आणि निघताना गाडीत आपल्या अंगणातला एक ओंडका टाकून न्या, सरळ ॲश नको, त्यातल्या त्यात गाठाळ मेपल न्या. विकणाऱ्याला फोनवर आधीच सांगा की हा मी तुमच्या यंत्रावर घालून बघणार आहे. तो हो म्हणाला तर जा.